नऊ पाट आणि एक पोळपाट

१२ मे २०२०, मंगळवार.
आठचं भाषण पूर्ण ऐकलं. आत्मनिर्भर व्हायचं. अंगावर काटा आला. अनुपमाला म्हटलं, बघ, मी वीस वर्षं हेच सांगतोय. ती म्हणाली, मग आधी स्वतःचा चहा स्वतः करून घ्या. विषय कुठला, ही बोलतेय काय!
तरी मुद्दा मनावर घेतला. उद्यापासून माझा चहा मी करणार.

१३ मे.
चहा केला. दूध उतू गेलं. शेगडीचं बटण सदोष आहे. चहा अनुपमाकडे परत सोपवला. श्रमविभागणी हासुद्धा अर्थशास्त्राचाच भाग आहे. मी आता मोठ्या गोष्टींकडे लक्ष द्यावं हे बरं.

१ जून, सोमवार. सकाळी, दाढी करताना.
मोठी गोष्ट सापडली. गणपती!
सेहेचाळीस वर्षं आमच्या घरचा गणपती माणिकच्या कारखान्यातून येतो. आधी त्याचे वडील करायचे. दरवर्षी आपला पाट त्याला नेऊन द्यायचा, त्याने त्यावर मूर्ती बसवायची, आणि आदल्या दिवशी आपण ती रुमालाने झाकून घरी आणायची. म्हणजे साक्षात बुद्धीच्या देवतेच्या बाबतीत आपण परावलंबी! यंदा पाट द्यायचा नाही. मूर्ती मी घडवणार. उंची दोन फूट. आमच्या मखरात तेवढीच मावते म्हणून, नाहीतर वाढवली असती.

दुपारी घरात जाहीर केलं. आई म्हणाली, चंदू, तुझ्या हातान कधी चपाती गोल झाली नाय, देव कसो होतलो? आईला एक्क्याऐंशी वर्षं झाली, त्यातली साठ मुंबईत, पण शब्द एकही मालवणच्या बाहेर पडलेला नाही. मग म्हणाली, यंदा गावाकय जावक गावाचा नाय, हयलो तरी गणपती नीट हाडा रे. डोळ्यांना पदर लावला. गाव हुकलं, निदान इथला गणपती तरी नीट आणा, एवढंच तिचं मागणं. मला वाईट वाटलं.
नोंद: आईची निराशा होता कामा नये.
श्वेताने विचारलं, बाबा, बॅकअप काय आहे? कॉलेजला गेली की मुलांचा विश्वासच उडतो.

३ जून. बाहेर वादळ, घरात इंटरनेट येऊन जाऊन.
सोसायटीच्या पुरुषांचा ग्रुप काढला. नाव: आपला बाप्पा आपल्या हाती. समन्वयक: मी. यंदा माणिककडे कोणी पाट द्यायचा नाही असं आवाहन केलं. आमच्या इमारतीतल्या आठ जणांनी शपथ घेतली. मला धरून नऊ घरं. तिसऱ्या मजल्यावरच्या राजेशने तर तीन झेंडे पाठवले. खरा माणूस.

५ जून, शुक्रवार. वटपौर्णिमा.
दुकानं आजपासून थोडीथोडी उघडली. अनुपमा नटूनथटून, मास्क लावून वडाला गेली. बाल्कनीतून बघितलं. इमारतीतल्या नऊ जणी, सगळ्या एकत्र, प्रत्येकीच्या हातात हीऽऽ मोठी पिशवी. पूजेला एवढं सामान? शिवाय वड मागच्या गल्लीत आहे आणि या सगळ्या स्टेशनच्या बाजूला वळल्या. गर्दी टाळायला लांबून गेल्या असतील. मुलुंडच्या बायका शिस्तीच्या.
दीड तासाने आली. खूश होती. सात जन्म हाच नवरा मागितलास ना, म्हणून विचारलं. म्हणाली, या जन्माचं बघून आले आधी.
बायकांचं बोलणं.

१२ जून.
माणिकला फोन केला. वाईट वाटून घेऊ नकोस म्हटलं, पण यंदा आमच्या इमारतीतून एकही पाट येणार नाही. देशाचा प्रश्न आहे, तूही आत्मनिर्भर हो. तो म्हणाला, बरं परबसाहेब. मग मधेच हसला. म्हणाला, गरज लागली तर मी आहेच.
ही वृत्तीच देशाला नडते. दुसऱ्याच्या गरजेवर बसून राहायचं.

३० जून.
चिनी ॲप बंद! श्वेताच्या फोनमधली स्वतः काढली. ती आठवडाभर बोलणार नाही म्हणते. माझा फोनच चिनी आहे असं तिने जाता जाता ऐकवलं. टाकून देणार होतो, पण मग मोहीम कशावर चालवायची? शत्रूचं शस्त्र शत्रूवरच.

१९ जुलै, रविवार.
कामाला सुरुवात. आधी पाट काढू म्हटलं. आजोबांचा शिसवी पाट, कोपऱ्याला पितळी फुली. माळ्यावर नाही, पलंगाखाली नाही, देवघराच्या मागे नाही. अनुपमाला विचारलं. म्हणाली, आत्ताच कशाला हवाय? आणि कुकर लावायला गेली. कुकर सकाळीच लागला होता.
मिळेल. घर काय, दोन खोल्यांचं.

२२ जुलै.
नाही मिळाला. वस्तू जागच्या जागी ठेवायची या घराला सवयच नाही. आईला विचारलं तर म्हणे, माका काय्येक म्हायत नाय. एवढं बोलून ती हसत का होती?

२६ जुलै.
धक्कादायक. राजेशचाही पाट सापडत नाही! ग्रुपवर विचारलं. तासभर सामसूम. मग एकेक कबूल झाला. नऊच्या नऊ पाट गायब. एका इमारतीतून!
हा योगायोग नाही. पाळत ठेवून केलेलं काम आहे. मोहीम सुरू होते काय, पाट जातात काय. यामागे परकीय हात असू शकतो. सीसीटीव्ही तपासायची मागणी कमिटीकडे लेखी दिली. अनुपमा म्हणाली, राहू दे हो. मी म्हटलं, का राहू दे? तर तिला एकदम खोकला आला. घाबरलोच. ऑक्सिमीटर लावला. अठ्ठ्याण्णव.

२ ऑगस्ट, रविवार.
पाटाचं रडगाणं पुरे. पोळपाट घेतला. गोल आहे, फिरवायला उलट बरा. अनुपमाने विचारलं, चपात्या कशावर लाटू? म्हटलं, ओट्यावर. स्वातंत्र्य फुकट मिळालं होतं का?
माती विकत घ्यायची नाही हे ठरलेलं. खिडकीच्या ग्रिलमधल्या मोठ्या कुंडीतली काढली. स्वदेशीच नव्हे, स्वगृही. पाच तास खपलो. पोट आणि मांडी तयार. भरदार झालंय. सोंड उद्या.

४ ऑगस्ट.
पाऊस धो धो. माती वाळत नाही. सोंड तीनदा पडली. उंची दोन फुटांवरून चौदा इंच केली. सुबक मूर्ती लहानच असते. श्वेताचा हेअर ड्रायर मागितला. खाली परदेशी स्टिकर होता. काढून टाकला. आता चालेल.

६ ऑगस्ट.
बाप्पाच्या पोटावर हिरवं काहीतरी आलंय. आधी बुरशी वाटली. चष्मा लावून बघितलं तर कोंब. पाठीवरही. कानात तर दोन दोन पानं.
अनुपमा आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. म्हणाली, अहो, त्या कुंडीत मी मेथी पेरली होती. मग ती आणि श्वेता आतल्या खोलीत गेल्या. दार लावून हसत होत्या. ऐकू येतं म्हटलं. तर जास्तच.
ग्रुपवर फोटो टाकला: हरित बाप्पा, पर्यावरणस्नेही प्रयोग, संकल्पना चं. परब. आठ अंगठे आले. बाकीच्यांचं काय चाललंय ते विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, काम प्रगतिपथावर. राजेशने फोटो पाठवला, पण मूर्तीवर टॉवेल होता.

९ ऑगस्ट.
पहिली मूर्ती ही चाचणी होती असं जाहीर केलं. तो गोळा आईने उचलून ग्रिलमध्ये ठेवला, वर पाणीही घालते. म्हातारपणी माणसाला काहीतरी विरंगुळा लागतो. शाडू ऑनलाइन मागवला. मूर्तिकलेची हत्यारंही. खोका उघडला तर हत्यारं बाहेरच्या देशातली. परत करायला वेळ नाही. संक्रमणकाळात थोडं इकडेतिकडे चालतं.

१५ ऑगस्ट, शनिवार.
टीव्हीवर झेंडावंदन बघितलं. प्रेरणा घेऊन बसलो. अकरा इंच. आई तासभर बाजूला खुर्ची टाकून बसली होती. मग तिने हळूच विचारलं, येतलो मां रे, चंदू? तुझ्या बापाशीन एक वरीस चुकवक नाय. संपाच्या वर्साकसुदिक आणलो. बाबांची गिरणी बंद होती तेव्हाची गोष्ट. म्हटलं, येणार म्हणजे येणारच.
चपात्या अजून ओट्यावरच होतात. नकाशे होतात म्हणून श्वेता ओरडते.

२० ऑगस्ट.
नऊ इंच. एक दात आहे, एक डोळा मोठा झालाय. पण भाव आहे. आजपर्यंत इतका भाव माझ्या कुठल्याच कामात उतरला नव्हता. उद्या रंग. ग्रुपवर लिहिलं, विजय आपलाच. कुणी अंगठा दिला नाही. सगळे रंगवण्यात गुंतले असतील.

२१ ऑगस्ट, शुक्रवार. हरतालिका. सकाळी सात.
डोकं पडलं.
आख्खं. सोंडेसकट. पुराणात यावर उपाय सांगितला आहे, पण मुलुंडमध्ये हत्ती कुठून आणू?
उद्या चतुर्थी. आईने पहाटेच आरतीचं तबक घासून ठेवलंय. माझी वाट लागली. बाथरूममध्ये नळ सोडून थोडा वेळ बसलो. डोळ्यांत शाडू गेला होता.

त्याच दिवशी, दुपारी तीन.
आतल्या खोलीतून बाहेर आलो तर अनुपमा दारात उभी. निर्जळी उपास, तरी चेहरा शांत. हातात बाबांचा रेशमी रुमाल. म्हणाली, जरा माणिककडे जाऊन या. मी म्हटलं, कशासाठी? म्हणाली, सहज.
मी सहजच निघालो. मनात वाक्य तयार करत होतो: माणिक, एखादी उरलेली असेल तर, अगदी लहान, मोडकी चालेल. वीसदा म्हणून बघितलं. एकदाही नीट आलं नाही. त्याला जूनमध्ये काय काय सुनावलं होतं ते सगळं आठवत होतं.
कोपऱ्यावर राजेश दिसला. डोक्यावर टोपी, मास्क, हातात घडी केलेला रुमाल. मी विचारलं, इकडे कुठे? म्हणाला, सहज. पुढे दुसऱ्या मजल्यावरचे कदम. सहज. त्यांच्या मागे आणखी सहा. नऊ माणसं, नऊ रुमाल, सहा सहा फुटांवर. कोणी कोणाकडे बघेना.

आत गेलो. भिंतीला लागून फळी. फळीवर नऊ पाट. त्यांवर नऊ गणपती, डोळे रेखलेले, रंग वाळलेले. मधोमध माझा शिसवी पाट, पितळी फुलीचा. प्रत्येक पाटाला चिठ्ठी चिकटवलेली आणि प्रत्येक चिठ्ठीवर अनुपमाचं अक्षर. आडनाव, मजला, आणि तारीख. पाच जून.
मी मूर्तीकडे न बघता तारखेकडेच बघत राहिलो.
माणिक म्हणाला, वटपौर्णिमेला सगळ्या वहिनी एकत्र आल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या नवऱ्यांनी शपथ घेतलीय, त्यांना काही बोलू नकोस, तू तुझं काम कर. मेमध्ये त्याच्या हाताखालची पोरं गावी निघून गेली होती, बाकीच्या गिऱ्हाइकांनी फोन उचलणं सोडलं होतं. तो शेड सोडून पेणला परत जायला निघाला होता. हे नऊ पाट आले आणि तो थांबला. मग म्हणाला, साहेब, तुमचा फोन आला ना, तेव्हा तुमचाच पाट पुसत होतो.
माफ कर म्हटलं. मास्कमधून त्याला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्याने मूर्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, सांभाळून, सोंड नाजूक असते.
सोंडेचं मला सांगतोय!

२२ ऑगस्ट, शनिवार. गणेश चतुर्थी.
आला. काल दारात अनुपमाने माझ्या पायांवर दूधपाणी घातलं. तिच्याकडे बघवेना. तू मला सांगितलं का नाहीस, एवढंच विचारलं. म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात. आणि करून दाखवलं असतंत तर दोन बसवले असते.
पोळपाट धुऊन परत केला. चपात्या गोल झाल्या.
ग्रुप बंद केला. शेवटचा संदेश: मोहीम शंभर टक्के यशस्वी, नऊही मूर्ती मुलुंडमध्येच घडलेल्या, स्थानिक कलाकाराला साथ. खोटं काय आहे त्यात? सीसीटीव्हीचा अर्जही मागे घेतला.

आईने आरती खणखणीत म्हटली. मग नैवेद्याचं पान वाढलं: मोदक, वरणभात, आणि कोपऱ्यात चिमूटभर मेथीची भाजी. ग्रिलमधल्या त्या गोळ्यावर वीस दिवसांत मेथी मस्त वाढली होती. आईने सकाळी खुडली. सगळ्यांदेखत म्हणाली, ह्या मात्र माझ्या चंदून पिकवलान.
राजेश दर्शनाला आला होता. त्याने विचारलं, खरंच घरची? मी म्हटलं, हो, माती माझीच.
बी अनुपमाने पेरलं होतं. ती समोरच उभी होती. तिने राजेशच्या हातावर मोदक ठेवला.