निळ्या पेन्सिलीची फुली

४ जानेवारी १९४४, शहादा

माझा नकाशा परत आला. गाडीवाटेवर निळ्या पेन्सिलीची आडवी फुली!

इंजिनियरसाहेब म्हणतात, "ओव्हरसियर, आपण विमानतळ बांधतोय, कापसाचा बाजार नव्हे."

तीन आठवडे फाटकापाशी बसून मोजलं होतं मी. सकाळच्या एका तासात खडीचे नि पेट्रोलचे बावीस ट्रक, कापूस घेऊन जिनकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, जाणाऱ्या एकेचाळीस बैलगाड्या — आणि नाल्याच्या उतारावर दोघांना मिळून रस्ता एकच. म्हणून नकाशात ट्रक पूर्वेच्या फाटकाने आत घेतले, पश्चिमेच्या फाटकाने बाहेर काढले. गाड्यांना बाजूने वेगळी वाट दिली. सगळं उडवलं. एकच फाटक, एकच रस्ता. लढाई चालू आहे म्हणे! बैलांना कोण सांगणार ते?

९ जानेवारी

लोणखेड्याचे रतिलाल पाटील आले होते. "साहेब, आम्हन्या गाड्या कथाईन जातीन?" गाड्या कुठून जाणार, ते नकाशात उरलंच नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, "मन्हा वावरमाईन वाट काढा. कपाशी उभी शे, ती उपटी टाकसू."

उभं पीक द्यायला निघालेला माणूस! लगेच अर्ज लिहिला.

१० जानेवारी

साहेबांनी अर्ज वाचलाही नाही. नवी वाट काढण्यात बारा दिवस मोडतील म्हणे.

१७ जानेवारी

वरचे साहेब पाहणीला येणार. फाटक ते धावपट्टी ट्रक अकरा मिनिटांत पोचतो, असं आमच्या साहेबांनी कळवूनही टाकलं. मला कोणी विचारलं?

२१ जानेवारी

रतिलाल गेले.

सकाळी नऊला, त्या अकरा मिनिटांच्या चाचणीचा ट्रक फाटकातून निघाला. नाल्याच्या उतारावर त्यांची कापसाची गाडी समोर आली, बैल बुजले. एक बैल जागीच मेला. रतिलाल ट्रकच्या चाकाखाली. मागचे ट्रक खोळंबले, म्हणून साहेबांनी आधी सांडलेला कापूस बाजूला लोटायला लावला. आधी कापूस!

ती पेन्सिल माझी नव्हती. ती फुली माझी नव्हती!

२४ जानेवारी

चौकशी अर्ध्या तासात उरकली. कागद तयारच होता — गाडीवानाने थांबण्याचा इशारा केला नाही. ड्रायव्हरने अंगठा उमटवला, मी सही केली. साहेब म्हणाले, "शहाणे आहात."

थू!

२ फेब्रुवारी

रतिलालांच्या पत्नी, रुक्मिणीबाई, आल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. "भाऊ, कागदवर तुम्हनी सही शे म्हने. त्यासनी हातच वर कया नही? तीस वरीस गाडी हाकी त्या मानुसनी!"

मी फुलीचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं, साहेबांना नावं ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी ते हातनं इचारी ऱ्हायनू."

३ फेब्रुवारी

लोणखेड्याला जाऊन आलो. सांगून टाकलं त्यांना — केला होता इशारा. दोन्ही हात वर केले होते. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी मीच होतो, घड्याळ धरून. तो ब्रेक दाबायला गेला, आणि मी म्हणालो, "थांबू नको, नऊ मिनिटं झाली."