वहीत नसलेलं वाक्य

११ फेब्रुवारी
आज हाती काय पडावं! शाळेत आम्ही जिच्यावर नाटक केलं होतं, तीच कादंबरी. नवी आवृत्ती निघतेय, प्रुफं तपासायला माझ्याकडे. प्रेसचे मालक म्हणाले, "पोरांचं पुस्तक आहे, आठवड्यात उरका." तीस वर्षांनी धुक्यातली राणी भेटणार. मजा!

१२ फेब्रुवारी
नाटकात मी विंगेत, वही घेऊन. कुणी अडकलं की वाक्य पुरवायचं. धुक्यात हरवलेली मुलगी झाली होती काडी. किडकिडीत, म्हणून काडी. आईबाप नव्हते, काकांकडे राहायची. तालीम संपली तरी हिचं घरी जायचं नाव नाही — स्टेज झाडत बसायची. आम्ही चिडवायचो, "पगार मिळतो का गं?"

१४ फेब्रुवारी
उद्या शेवटचं प्रकरण. राणी घराचं दार उघडते आणि मुलगी म्हणते, "मला तिथे पाठवू नका. तिथे मला कुणी सोडवत नाही." काय बोलली होती काडी! अख्खं सभागृह चिडीचूप.

१५ फेब्रुवारी
ते वाक्य नाहीच. पुस्तकातली मुलगी उड्या मारत घरी पळते. बस्स. ओळ गळली असेल म्हणून जुनी प्रत काढली, बोट ठेवून ताडून पाहिली. तिच्यातही नाही!
नाटक बसवणाऱ्या बाईंनी घातलं असेल.

१६ फेब्रुवारी
बाईंना फोन केला. ऐंशी उलटली, आवाज अजून खणखणीत. "छे गं, मी कुठलं घालतेय! तिचं तीच बोलली. पाहुणे इतके खूश, खास बक्षीस दिलं. काका पहिल्याच रांगेत होते — त्यांनाही वर बोलावलं."
फोन ठेवला.
आता आठवलं — वहीत नव्हतंच ते. मला वाटलं, काडी विसरली. मी विंगेतून पुरवलं, "मी घरी जाते." तिनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, "मी घरी जाते." टाळ्या!
महिन्याभरात तिचं नाव पटावरून गेलं. कुठे गेली, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१९ फेब्रुवारी
वर्गातल्या एकीकडून नंबर मिळाला. जिवंत आहे! दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला.

२० फेब्रुवारी
लावला. म्हटलं, "तू वाक्य विसरलीस असं वाटलं गं मला."
ती म्हणाली, "विसरले नव्हते. तुलाच सांगत होते. तुमच्या-आमच्या घराची भिंत एकच होती ना. ऐकू यायचं तुला."
यायचं.