मिसेस नॅलींची धाकटी बहीण

मलिंगार, आयर्लंड,
रविवार, दुपार

प्रिय रेवाताई,

पाकीट बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठीक आहे. फोनवर बोलता येईना म्हणून लिहायला बसले. व्हिडिओ लावला की इरावती तुझ्या मांडीवर चढून बसते, आणि मला जे बोलायचंय ते नेमकं तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. मागच्या रविवारी 'नेटवर्क गेलं' म्हणून मी फोन ठेवला ना, तेव्हा नेटवर्क गेलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. तिच्या दोन वेण्या किती सुरेख घातल्या होत्यास तू!

इथलं तुला माहीतच आहे. पाऊस, चहा, पुन्हा पाऊस. केरळच्या दोघी नर्सेसबरोबर त्याच घरात राहते. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला 'प्रेस' म्हणतात, आणि आमचा प्रेस उघडला की तुझ्या काळ्या मसाल्याचा वास घरभर होतो. नर्सिंग होममधलं कामही तेच, म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं. त्यांतल्याच एक मिसेस नॅली. फोनवर मी तुला 'आमची हिरॉईन' एवढंच सांगत आले. आज त्यांचं सगळं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझं सांगता येणार नाही.

मिसेस नॅली चौऱ्याण्णव वर्षांच्या आहेत आणि एके काळी खरोखरच अमेरिकन सिनेमात नटी होत्या. नेब्रास्का नावाच्या सपाट, मक्याच्या मुलखात शेतकऱ्याच्या घरी जन्मल्या. मूळ नाव हेझल. गावच्या जत्रेत कुणीतरी फोटो काढला, तो फिरत फिरत कॅलिफोर्नियाच्या एका स्टुडिओत पोचला आणि एकोणिसाव्या वर्षी या मुलीनं करारावर सही केली. स्टुडिओनं नाव बदलून लोरेन ॲशबी ठेवलं, पुढचे दात घासून सरळ केले, केसांचा रंग बदलला, चालायला शिकवलं, बोलायला शिकवलं. 'पायांचं माप तेवढं माझं राहिलं,' असं सांगून त्या हसतात. सुरुवातीला सगळी दुसऱ्या बाईची कामं. ऐटीत जिना उतरून येणारी, आणि शेवटी नायक जिला सोडून जातो ती. मग एका सिनेमात मुख्य काम मिळालं, हिमवादळात हरवलेल्या मुलीला शोधत फिरणाऱ्या विधवेचं. तो खूप चालला. मासिकांवर चेहरा झळकला. पुढचे दोन-तीन मात्र साफ पडले आणि करार संपल्यावर स्टुडिओनं पुन्हा विचारलं नाही. शेवटच्या शूटिंगला त्या आयर्लंडला आल्या होत्या. तिथे घोडे पुरवणाऱ्या मिस्टर नॅलींच्या प्रेमात पडल्या, लग्न केलं आणि इथेच, आमच्या या वेस्टमीथ परगण्यात राहिल्या. सिनेमाचं नाव पुन्हा काढलं नाही. आजही नाश्त्याला जाण्याआधी लिपस्टिक मात्र लागतेच. हात थरथरतो, म्हणून ती मी लावून देते.

या वसंतात एका दुपारी टीव्हीवर तो हिमवादळाचा सिनेमा लागला. कुणीतरी ओळखलं आणि आमच्या हॉलमध्ये ही गर्दी! चहा, केक, टाळ्या. पडद्यावरची पंचविशीतली बाई बर्फात गुडघे टेकून मुलीला हाका मारत होती, सगळ्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या, आणि मिसेस नॅली माझी बाही ओढून म्हणाल्या, 'मला खोलीत ने. आत्ता.' मला वाटलं, दगदग झाली असेल.

त्यानंतर इरावतीचा वाढदिवस आला. तो फोन तुला आठवत असेल. विक्रांत भाऊजींनी कॅमेरा धरला होता, तू केक कापून घेतलास आणि ती तुला म्हणाली, 'आई, फोनमधल्या मावशीला पण दे ना.' तू तिला आत पाठवलंस. मग हळू आवाजात म्हणालीस, 'उल्का, तिला आता सगळं कळायला लागलंय. शाळेत आमचंच नाव लावू. तुझे भाऊजी वकिलांशी बोललेत, रीतसर दत्तक घेऊ. तू तिची मावशीच राहा. उगीच लहान जिवाला दोन दोन आयांचा गोंधळ कशाला?' तुझा आवाज किती कापत होता, ताई. इतकी वर्षं डॉक्टर, औषधं, उपास केलेस, आणि मग माझं मूल तुझ्या ओटीत आलं. मी 'बरं' म्हटलं. लगेच म्हटलं. एवढं लगेच का म्हटलं, ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी मिसेस नॅलींना लिपस्टिक लावताना माझा फोन वाजला. पडद्यावर इराचा फोटो आहे, तिचे पुढचे दात पडलेला. त्यांनी विचारलं, 'ही कोण गं गोड पोर?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'माझ्या बहिणीची मुलगी.' मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. शब्द कसे अगदी सहज आले. मिसेस नॅली म्हणाल्या, 'छान म्हटलंस. मीसुद्धा हे वाक्य फार छान म्हणायचे.'

मग त्यांनी सांगितलं. जत्रेतल्या फोटोच्या आधीच त्यांना एक मुलगी झालेली होती. लग्न न होता. नोरा. स्टुडिओतल्या प्रसिद्धीच्या माणसाला ते कळलं तेव्हा तो रागावलाही नाही म्हणे. नुसता म्हणाला, 'तुम्हाला एक गोड धाकटी बहीण आहे, मिस ॲशबी. फक्त नाव होईपर्यंत.' मुलगी गावी आजीकडे वाढली. एका मासिकात फोटोसुद्धा आला, लोरेन ॲशबी आणि तिची छोटी बहीण, झोपाळ्यावर. नाव झालं, तेव्हा सांगायची भीती वाटली. नाव गेलं, तेव्हा सांगून उपयोग काय, असं वाटलं. लग्नानंतर मिस्टर नॅलींपासून लपवलं. नोरा तिशीत असताना आजी वारली आणि अंत्यविधीच्या दिवशी मिसेस नॅलींच्या एका आत्यानं तिला खरं सांगितलं. तिनं इथे फोन करून विचारलं, 'हेझल, हे खरं आहे का?' नवरा समोर पेपर वाचत बसला होता. या म्हणाल्या, 'भलतंच काय?' नोरानं पुन्हा कधी विचारलं नाही. नाताळचं कार्ड मात्र दर वर्षी पाठवत राहिली, 'प्रिय हेझल' असं लिहून.

ताई, मी तिथेच कबूल केलं, की ती माझी मुलगी आहे. मिसेस नॅलींनी मला ना रागावलं ना उपदेश केला. म्हणाल्या, 'मग मला एक काम करून दे. नोराला फोन लावून दे.'

नोरा ऑगस्टमध्ये आली. ती स्वतःच आता सत्याहत्तर वर्षांची, काठी टेकत आली. मिसेस नॅलींनी सकाळपासून तीन वेळा लिपस्टिक लावून पुसायला लावली. शेवटी नकोच म्हणाल्या. मी बाहेर जायला निघाले तर मला थांबवलं. बसल्या बसल्या त्यांनी नोराचा हात धरला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, 'तू माझी मुलगी आहेस. बहीण नाहीस.' मला वाटलं होतं, आता दोघी रडतील, मिठी मारतील. नोरानं नुसती मान हलवली. 'मला माहीत आहे, हेझल,' ती म्हणाली, 'सगळ्यांनाच माहीत आहे.' हात सोडवून घेतला नाही तिनं. पण खिडकीतून बघून विचारलं, 'ते तळं किती दूर आहे इथून?' दोघी तळ्याबद्दल बोलत राहिल्या. चार दिवस ती रोज येत होती, प्रेमानं वागत होती, आईचे पाय चोळून देत होती. पण शेवटपर्यंत 'हेझल'च म्हणाली. मिसेस नॅली त्या शब्दाची वाट बघतायत हे मला दिसत होतं. तिला दिसलं नसेल असं नाही. तो शब्द आता तिच्यापाशी उरलाच नव्हता.

जायच्या दिवशी मी तिला टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. म्हणाली, 'ती मला सोडून गेली याचा मला कधी राग नव्हता. आजीनं माझं खूप केलं, मी सुखात वाढले. पण मी तोंडानं विचारलं होतं गं. आणि ती नाही म्हणाली.' एवढंच बोलून गाडीत बसली.

आता मी हे का लिहितेय ते. जुलैत मला सीनियर केलं, पगार वाढला. या पगारावर मूल इथे आणायची परवानगी मिळते. ही गोष्ट मी दोन महिने तुझ्यापासून लपवली. कारण त्या दिवशी तू 'मावशीच राहा' म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. मावशीला कुणी विचारत नाही, की लेकरू टाकून कशी आलीस? शैलेंद्रशी घटस्फोट झाल्यावर लहानग्या इराला तुझ्यापाशी ठेवून इथे आले, तेव्हापासून हा एकच प्रश्न मला खातोय, आणि तू त्यावर फुंकर घालायला निघाली होतीस. ती फुंकर मी घेतली, हा माझा गुन्हा. तुझा काहीच नाही. ताई, ते 'बरं' मी परत घेते. दत्तकाचं थांबवा. दिवाळीला मी महिनाभर नागपूरला येतेय. तिला न्यायला नव्हे, तिला सांगायला. तू शेजारी बसलेली असशील, तिचा हात तुझ्याच हातात असेल, आणि मी सांगेन. ती रडेल, चिडेल, मला जा म्हणेल, तरी सांगेन. तुला ती 'आई' म्हणते ते तसंच राहू दे, तू ते कमावलंयस. मला 'उल्का' म्हणाली तरी चालेल. ती कुठे राहणार ते तिच्या कलानं, आपण तिघी मिळून ठरवू, आणि ती तुझ्यापाशीच राहते म्हणाली तर मी इथलं आवरून तुमच्या गल्लीत खोली बघेन. पण एक दिवस ती विचारेल, आणि तेव्हा 'भलतंच काय' म्हणायची पाळी माझ्यावर येऊ नये. तुझ्यावर तर त्याहून नको. मी हे लिहून तुझं काळीज चिरतेय, हे मला कळतंय. हे वाचून तू फोन उचलला नाहीस तरी मी दिवाळीला दाराशी उभी असेन. दार उघड, एवढंच मागते.

तुझीच धाकटी,
आणि इरावतीची आई,
उल्का