उष्णतेपासून जपावे

तीर्थरूप नाना,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुम्ही स्वतःलाच बोल लावाल.

विहीर खणताना पडून गहिनीनाथची कमरेखालची जाणीव गेली होती. इस्पितळात चार महिने खपून मी त्याला बसतं केलं आणि नेवाशाला घरी धाडलं. सोबतच्या कागदावर लिहिलं, ‘उष्णतेपासून जपावे.’ लहानपणी पाटीवर तुम्ही गिरवून घेतलंत, तसं शुद्ध वाक्य.

काल त्याला परत आणलं. टाचा हाडापर्यंत भाजलेल्या, जंतुदोष रक्तात गेलेला.

त्याची बायको राहीबाई म्हणाली, “तुमी लिवल्यापरमानं लई जपलं, बाई. गूळ बंद, अंडी बंद, रोज सब्जाचं पानी. पाय तेवढे गार पडायचे, म्हनून ईट तापवून शेकले. ह्ये हसायचे, ‘ठेव अजून, मला कुठं चटका बसतोय!’”

उष्णता म्हणजे अंगातली, असंच त्यांना वाटलं. ‘पाय शेकू नका’ एवढंच लिहायला हवं होतं, नाना.

आज दुपारी तो गेला.

“आमचं काय चुकलं वो?” तिनं विचारलं.

“तुमचं काहीच चुकलं नाही,” मी म्हणाले. चूक माझ्या कागदाची होती, हे सांगितलं नाही.

ती वाकून माझ्या पाया पडली. मी तिला थांबवलं नाही.

तुमची,
अंबिका