गिरजाची गैरहजेरी

६ जानेवारी १९५८, सोमवार

माझ्या नातीला भर वर्गात अंगठे धरून उभं केलं! आणि कशापायी? खरं बोलली म्हणून. गुणवंत मास्तरांनी फळ्यावर मासा काढला — झोपलेला, पापण्या मिटून. गिरजा म्हणाली, "गुरुजी, माशाले पापणीच नसते." मास्तर म्हणे, चित्रात असते. ती म्हणाली, "मंग तो मासा नोहे." झालं! पोरगी तासभर वाकलेली.

वर्गात अकरा पोरं, अकराही आम्हा मासेमार धिवरांची. मासा झोपतो कसा हे अकराही जणांना ठाऊक. दहा गप्प राहिली. त्यांना शिस्त आली म्हणतात!

दुपारी घरी आली. पाटी शिंक्यात टाकली, म्हणाली, "आजी, उद्यापासून नाई जात मी." मी म्हटलं, नको जाऊ.

संध्याकाळी इस्तारी ओरडला. माझा मुलगा, पण आवाज बापाचा घेतला आहे. "माय, तूच बिघडवलं तिले. दिवाळीपासून कशीबशी जाऊन राह्यली होती." सून बाळंतपणाला कुरखेड्याला गेली आहे, नाहीतर दोन्हीकडून ऐकावं लागलं असतं.

मी स्वतः शाळेत सहा महिने होते. सातव्या महिन्यात मास्तर हिवतापानं पळाला. उरलेली अक्षरं तंबाखूच्या पुड्यांवरून शिकले. पेन्सिल अजून मुठीत धरते. मग? लिहितेच आहे ना!

९ जानेवारी, गुरुवार

मास्तर दारावरून गेले. नेहमीसारखा मासा मागितला नाही. राग मोठा आहे.

१३ जानेवारी, सोमवार

मास्तर आले एकदाचे. खाटेवर बसले, पाणी प्याले, टोपी मांडीवर ठेवली.

"देवकाबाई, पोरगी घरी राहून काय शिकेल?"

"पोहते, डोंगा चालवते, जाळं विणते. तुमाले यातलं काय काय येते गुरुजी?"

टोपी परत डोक्यावर गेली. म्हणाले, आता शिक्षण नव्या तऱ्हेचं आहे, मूल हातानं काम करता करता शिकतं. मी म्हटलं, हे सांगायला तुम्ही ब्रह्मपुरीहून आलात का?

कामही बघून ठेवलं आहे मी. जाळी विणणाऱ्यांच्या पोरांना टकळीवर सूत काढायला शिकवतात. मास्तरांचं सूत वीतभर झालं की तुटतं. पोरं जोडून देतात. भिंतीवर मोठा तक्ता आहे — 'आपले मित्र : कोळी'. त्यात समुद्र आणि शिडाचं जहाज! समुद्र इथून कुठल्या अंगाला आहे विचारलं, तर मास्तरांनी मूल गावाच्या वाटेकडे हात केला.

जाताना मात्र एक बोलले. "देवकाबाई, तलावाचे कागद आता सरकारातून येतात. गावात वाचणारं कोण? तुम्ही गेल्यावर कोण?"

मी त्यांना मासा दिला.

१९ जानेवारी, रविवार

गिरजाचं स्वतःचं पहिलं आखं जाळं झालं, पहिली ओळही तिचीच. नऊ दिवस बसली होती. घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर गेली आणि तोंड पाडून आली. तलावातली सगळी बारकी पिल्लं जाळ्यात आली. वारलूनं सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन गिरजाबाई, पुढच्या साली आमी का शेवाळ खावाव?" वारलू आमच्यात वडीलधारा, त्याच्या तोंडाला कोण लागणार! माणसं हसली.

आम्ही जाळ्याचं भोक तीन बोटांचं ठेवतो. तिनंही तीनच ठेवलं — स्वतःच्या बोटांचं. दहा वर्षांच्या पोरीची तीन बोटं ती केवढी!

मी पहिल्याच ओळीला पाहिलं होतं. बोलले नाही.

तिनं विचारलं, "तुले दिसलं होतं?"

"हो."

"मंग सांगतली काऊन नाई?"

"तू विचारलं होतं का?"

रागानं आखं जाळं उसवलं. मग वारलूकडे गेली, त्याचा हात धरला, तीन बोटांवर बांबूची पट्टी लावून खूण केली, कापली, परत आली. आता पट्टीनं विणते आहे. इस्तारी म्हणतो, हे शाळेत एका दिवसात सांगतात. सांगत असतील. उद्या विसरायला!

२६ जानेवारी, रविवार

झेंड्याला गिरजा गेली. गूळफुटाणे घेतले, परत आली. मास्तर म्हणे, आजची हजेरी लावतो. लावा!

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मोठं जाळं ओढलं. मासा चांगला निघाला, मरळ तर हातभर. पाळीवर पळसाची पानं मांडली आणि घराघराचे वाटे घातले. वाट्याची रीत आमची जुनी. एकानं ढिगाकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्यानं एकेका ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. ज्याचं नाव त्याचा ढीग, लहान की मोठा बोलायचं नाही. दोन वर्षं झाली, नावं गिरजाच घेते. आवाज पैलतीराला जातो तिचा.

वाटे झाले. मास्तर पिशवी घेऊन आले होते. इस्तारीनं मासा देता देता विषय काढला, सोमवारपासून पोरीला धाडतो म्हणाला. मी म्हटलं, धाडून बघ. तो म्हणाला, "मी बाप होय तिचा." मी म्हटलं, तुझी मी माय आहे. मास्तर मध्ये पडले, त्यांना दोघांनी गप्प केलं. माणसं ओले पाय घेऊन उभी, मजा बघतात.

शेवटी वारलू म्हणाला, "भांडता कायले? वाटा घाला."

दोन पानं मांडली. एकावर पाटी, एकावर जाळं विणायची बांबूची सुई. गिरजानं पाठ करायची. वारलू एका पानावर हात ठेवील. तिनं आपलं नाव घेतलं तर ते तिचं, दुसऱ्याचं घेतलं तर उरलेलं तिचं. कोणाचा लबाडीचा आळ नको. इस्तारी कबूल. मास्तर म्हणाले, हे शास्त्रशुद्ध नाही, पण निघूनही गेले नाहीत.

आणि मी? मीही मान हलवली. न्यायाचं वाटलं मला.

गिरजा पाठ करून उभी राहिली. वारलूनं हात ठेवला. "हा कोनाचा?"

वारलूनं पुन्हा विचारलं.

"अवं पोरी, हा कोनाचा?"

ती वळली! वाट्याला उभं राहिलेलं माणूस वळलेलं मी साठ वर्षांत पाहिलं नाही. पाटीकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे.

"पाठ करून मासे वाटतात," म्हणाली. "मी का मेलेला मासा होय?"

दोन्ही तिथंच टाकून पाळीवरून चालती झाली. कोणी हसलं नाही. मास्तर पिशवी विसरले.

२ फेब्रुवारी, रविवार

बोलत नाही माझ्याशी. बापाशीही नाही. जाळं अर्धं पडलं आहे. मासा रांधला, मीठ विसरले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मीच बोलले शेवटी. म्हटलं, तुझ्या बाजूनं मी एकटी उभी होते, तरी माझ्यावर रुसवा?

म्हणाली, "माह्या बाजूनं? आजी, तुह्या बोटानं आता गाठ आवळत नाई. मी शाळेत गेली तर तुहं जाळं कोन विणन?"

हात उगारला होता. तो वरच राहिला.

बोटं दोन वर्षांपासून वाकत नाहीत. पावसाळ्यात तर भाकरही थापता येत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पोरीनं विचारलंही नव्हतं — पाहिलं. तिनं वर्षभरात सात जाळी विणली, त्यातली सहा माझी, पहिली ओळ कशीबशी मी घातलेली. तिचं एक, तेही उसवलं.

मास्तरांना मी महिनाभर ऐकवते आहे, पोरीला तिच्या मनानं शिकू द्या. मन तिचं, काम माझं! मास्तर निदान आपली चूक तक्ता करून भिंतीवर टांगतात, सगळ्यांना दिसते.

इथं खोडणार होते. राहू दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिला म्हटलं, माझं जाळं विणू नको. म्हणाली, "बरं." एवढंच! तेल कडू लागलं आज जेवताना.

१० फेब्रुवारी, सोमवार

तालुक्याहून कागद आला. मास्तरच घेऊन आले, आता जरा भीतभीत. 'सदर विद्यार्थिनी शाळेत गैरहजर का, याचे कारण पालकाने पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' इस्तारी म्हणाला, माय तू लिही. मास्तर म्हणाले, मी लिहितो, अंगठा लावा.

गिरजानं कागद माझ्या हातातून ओढला. "गैरहजर मी हाव का तुमी?"

आणि मास्तरांच्या मागोमाग शाळेच्या ओट्यावर जाऊन बसली. "गुरुजी, अक्षरं दाखवा. मी काऊन येत नाई ते लिहून झालं का मी मोकळी."

पंधरा दिवस आहेत. सांगून ठेवलं आहे सगळ्यांना — मास्तरांनी अक्षर दाखवावं, शब्द सांगू नये. इस्तारीनं अंगठा लावू नये. मीही पेन्सिल उचलणार नाही. गैरहजर गिरजा आहे, उत्तर गिरजाच देईल.