एस्तेरच्या ऑफिसात राहिलेले बूट

नगर, सोमवार

प्रिय लिडियाताईस धाकट्या कृपादानचा सलाम.

तुझा गुडघा बरा असेल, आणि नसला तरी तू चर्चच्या पायऱ्या चढतच असशील, असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम. (पोट सोडून. कारण पुढे येईल.)

तुझी लेक दोन महिने संगमनेरला फिरकली नाही, तेव्हा "तिचं ऑफिस बघून ये, धड नसलं तर तिला घेऊनच ये" या तुझ्या हुकमाप्रमाणे शुक्रवारी पुण्याला तिच्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात गेलो. आत पाहिलेलं बाहेर सांगणार नाही, अशी तिथे फाटकावरच सही घेतात. लोक न वाचता करतात. मी चौदाही पानं वाचली. मागे रांग लागली. "काका, बारावीचा पेपर आहे का?" असं कुणीतरी म्हणालंही. तेव्हा पुढचं सगळं मी पाहिलं नसून मला तसं वाटलं, असं समजून वाच. (एवढं लिहिणं तरी सातव्या पानात बसतं का, यावर परतताना शिरूरपर्यंत विचार केला.)

काचेच्या दारापलीकडे मऊ गालिचा होता. गालिचा दिसला की आपला हात बुटाच्या नाडीकडे जातोच. मी बूट काढून भिंतीशी नीट लावले. मागून तीन गोरे पाहुणे येत होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांनीही काढले. मग त्यांच्या स्वागताला आलेल्या मोठ्या साहेबांना काढावे लागले. (त्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. करारात मोज्यांचा उल्लेख नाही, म्हणून लिहितो.) एस्तेर धावत आली, "अहो मामा, बूट!" म्हणाली, साहेबांचे पाय पाहिले आणि गुपचूप स्वतःच्या चपला काढल्या. पाच मिनिटांत दाराशी लग्नमांडवाची कळा आली.

तिथे कुणाची खुर्ची ठरलेली नाही. एसटीसारखं, जो आधी येईल त्याची, फक्त रुमाल टाकायची सोय नाही. झोपाळे आहेत, खाणं फुकट आहे. (चार सँडविचं. पोटाचं कारण हेच.) काम करताना कुणी दिसलं नाही, पण सगळे कामच करताहेत असं एस्तेर म्हणते. बैठकीच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं आहेत. "मामा, दोन महिने मी प्रतापगड उतरलेच नाही," म्हणाली. हसत म्हणाली, पण ताई, फुकट खाऊनही पोरगी वाळलीय. तरी चार माणसं तिला विचारून पुढे जात होती, आणि ती त्यांना तुझ्याच आवाजात दटावत होती. खूश आहे. तिला घेऊन यायला माझं मन झालं नाही.

तुझा,
कृपादान

ता.क. माझे बूट तिथेच राहिले. ऑफिसातच व्यायामशाळा आहे, तिथल्या सपाता घालून नगर गाठलं. काल चर्चला चपला घालून गेलो, तर पाळकसाहेब उपदेशभर माझ्या पायांकडे बघत होते. एस्तेर फोनवर कुरिअर करते म्हणाली. मी म्हटलं, कुरिअरवाल्यावर माझा भरवसा नाही, स्वतः संगमनेरला आणून दे, मीही तिकडेच येतो. शनिवारी येतेय. मटण कर.

पुन्हा ता.क. बूट विसरलो नव्हतो. निघताना बुटांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सपाता मागून घेतल्या. डायरीत 'विसरलो' लिहिलं होतं, ते आत्ता खोडलं. तिला सांगू नकोस. पुढल्या महिन्यात पुन्हा जाईन म्हणतो. छत्री घेऊन.