तुर्भ्याऐवजी कलिन्याला

उज्वलावहिनी,

तुम्ही दळण आणायला खाली गेलात, तेवढ्यात लिहून ठेवतेय. आज मी तुर्भ्याच्या कंपनीत जात नाहीये. लॅबमधली ती नोकरी दादानं ओळख काढून लावून दिलीय, पण कलिन्याला विद्यापीठात एम.एस्सी.च्या प्रवेशाचा इंटरव्ह्यू आजच आहे. तो चुकला तर वर्ष गेलंच समजा.

दादा मार्केटमधून आला की चिडेल. "बी.एस्सी. झाली ना, आता अजून किती शिकायचं?" असं म्हणेल. तुम्ही मधे पडू नका, माझ्यापायी बोलणी खाऊ नका. संध्याकाळी येऊन मीच त्याच्याशी बोलेन. शिकवण्या घेऊन माझा खर्च मी भागवेन, हेही सांगेन.

काल भाजी निवडताना मी विचारलं, "वहिनी, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?" तुम्ही मान वर केली नाहीत, म्हणून मला रागच आला. सकाळी उठले तर माझा निळा ड्रेस इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. तोच घालून निघालेय.

कुकर उतरवलाय. आईला जेवल्यावर गोळी द्या.

आणि रद्दीवाला आला तर माळ्यावरची माझी केमिस्ट्रीची पुस्तकं देऊ नका. मला ती आता फारशी लागणार नाहीत, पण लग्नामुळं तुमचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहून गेलंय. ते पुन्हा करता येईल का, हे येताना तुमच्या जुन्या कॉलेजात विचारून येते.

मोनाली